न आलेला अंक

तुमच्यामुळे झालं हे. आधी तेवढं ऐकून घ्या, मग खुर्चीत हवं तसं टेकून बसा.

तुम्ही म्हणजे कोण, ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. वरच्या कार्यालयात बसून ज्यांनी हुकूम काढला की तपासणीच्या दिवशी नियतकालिकांचा एकही संच अपुरा दिसता कामा नये, ते तुम्ही. आणि तपासणी होईपर्यंत कुणाचीही रजा मंजूर होणार नाही, असं त्याच हुकमाच्या तळाशी बारीक अक्षरात ज्यांनी घातलं, तेही तुम्हीच. एका बाईनं तुमच्या दोन्ही ओळी तंतोतंत पाळल्या. त्यातून काय निघालं ते आता सांगायचंय. तुम्हाला त्यातलं थोडं माहीत आहे. शेवटचं तर फक्त तुम्हालाच माहीत आहे.

ग्रंथालयात तिला सगळे अंकबाई म्हणत. पुस्तकांचं एक बरं असतं, ती एकदा येतात आणि मुकाट्यानं फळीवर उभी राहतात. मासिकं, साप्ताहिकं, त्रैमासिकं येत राहतात, आणि जे येत राहतं त्याच्या मागं कुणालातरी हात धुऊन लागावं लागतं. ते काम अंकबाईचं. सकाळी टपाल फोडायचं, अंकावर शिक्का मारायचा, त्या त्या मासिकाच्या कार्डावर खूण करायची, ताजा अंक मांडणीवर लावायचा, शिळा काढून गठ्ठ्यात ठेवायचा. अंक आला नाही तर प्रकाशकाला स्मरणपत्र. तरी नाही आला तर दुसरं. वर्ष सरलं की सगळे अंक ओळीनं लावून बाइंडरकडे पाठवायचे, म्हणजे वर्षाचा एक जाडजूड खंड तयार होतो. तिची खोली वाचनकक्षाला लागूनच, मधे निम्मी काच. खोलीत अंक ठेवायचे लोखंडी घोडे, खळीचा आंबूस वास आणि एक खिडकी, जिच्यातून शेजारच्या इमारतीची भिंत सोडून काही दिसत नसे.

या धंद्यात एक जुनी रीत आहे. एखादा अंक मिळालाच नाही, तर बाइंडर खंडात त्याच्या जागी तेवढ्याच जाडीची कोरी पानं शिवतो आणि वर गुलाबी चिठ्ठी लावतो, ‘अंक अप्राप्त’. पुढं कधी अंक सापडला तर कोरी पानं कापून तिथं तो बसवता येतो. जागा राखून ठेवायची, आणि ती रिकामी आहे हे चारचौघांत कबूल करायचं. सरळ रीत आहे. तुमच्या हुकमात ती बसत नव्हती.

कारण एक मासिक असं होतं की कधीकाळी लोक त्याच्यासाठी टपालवाल्याची वाट अडवून उभे राहत. त्यात एक कादंबरी क्रमशः येत होती. तिचा शेवटचा भाग ज्या अंकात यायचा, नेमका तोच अंक ग्रंथालयात नव्हता. काही म्हणत टपालात गहाळ झाला. काही म्हणत, छापलाच नाही, त्याआधीच मासिक बंद पडलं. खंडात गुलाबी चिठ्ठी आणि कोरी पानं होती, ती इतकी वर्षं कुणाला खुपली नाहीत.

“चिठ्ठी फाडा,” बाइंडर म्हणाला. त्याला सगळे मामा म्हणत. जिन्याखालच्या खोलीत मामा, त्याचा पुस्तकं दाबून धरायचा शिकंजा आणि त्याची खळीची परात, तिघं गुण्यागोविंदानं नांदत. “दुसऱ्या अंकाच्या मुखपृष्ठाची झेरॉक्स काढा, महिना बदला, मी चिकटवतो. साहेब काय पान अन् पान उलटणारेत? टोपी घातली की टक्कल झाकलं.”

“आत काहीच नाही, मामा.”

“माझ्या टोपीतही नाही. लोक नमस्कार करतातच की.”

ती हसली नाही. पण झेरॉक्स तिनंच काढली. महिन्याचं नाव दुसऱ्या अंकातून कापून तिनंच चिकटवलं, इतकं बेमालूम की मामानं मान डोलावली. मग तिनं कार्डावर ‘पूर्ण’ असं लिहिलं. गुलाबी चिठ्ठी चुरगळून टोपलीत टाकली, आणि थोड्या वेळानं उठून ती टोपलीच्या तळाशी दाबली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं नसलेला अंक असल्याचं लिहिलं होतं. कान तापले होते, जणू कुणी भर वर्गात उभं केलंय.

ही झाली कामावरची लाज. घरची याहून मोठी होती.

घरी बाबा होते. जन्मभर टपाल कचेरीत पत्रं निवडण्यात गेलेला माणूस. आता त्यांच्या डोक्यातली पत्रं कुठल्या खणात पडत होती ते त्यांनाही कळत नसे. मुलीचं नाव जायचं, जेवलो की नाही ते जायचं. त्या मासिकाचा न आलेल्या अंकाच्या आधीचा अंक तेवढा त्यांच्याजवळ होता, मुखपृष्ठ गळालेलं, पानं वापरून वापरून सुती कापडासारखी मऊ झालेली. दिवसभर चष्मा लावून तोच वाचायचे. संध्याकाळी ती आली की एकच प्रश्न.

“आला का गं पुढचा अंक?”

“उद्या येईल, बाबा.”

“उद्या ना? बरं. घाई नाही.”

दिवसा त्यांच्याजवळ बसणाऱ्या मावशी काम सोडून गेल्या, तेव्हापासून गाडं अडलं. नवी बाई मिळेना. धाकट्या भावाला फोन केला तर तो म्हणाला, “ताई, तू आहेस ना तिथं. मी इतक्या लांबून काय हात लांब करू?” रजेचा अर्ज दिला, तो तुमच्याकडून परत आला. आठवतंय का? ‘तपासणीनंतर विचार करू.’ त्याच आठवड्यात बाबा नुसत्या बनियनवर घराबाहेर पडले आणि बसथांब्यावर उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला अंक मागत उभे राहिलेले सापडले. लोक हसत होते. एकानं त्यांच्या हातावर जाहिरातीचा कागद ठेवला होता, आणि तो ते मन लावून वाचत होते.

दुसऱ्या दिवसापासून ती बाहेरून कुलूप लावून कामावर जाऊ लागली.

खिडकीतून ते येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत, म्हणून तिनं खिडकीची वरची कडी लावली, तिथं त्यांचा हात पोचत नव्हता. आणि पाणी. पाण्याचा जग ती वरच्या फळीवर ठेवून जायची, तोही हात पोचणार नाही अशा बेतानं. निघताना एक पेला पाजायचा, आल्यावर एक. पाणी कमी गेलं की गादी कोरडी राहते. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. कामावर कुणी विचारलं, बाबांकडे कोण असतं, की ती खाली बघून म्हणायची, “मावशी असतात ना दिवसभर.”

आता त्या खंडाकडे वळू.

मुखपृष्ठ चिकटवल्यानंतर तो पहिल्यांदा मागितला मफलरवाल्या काकांनी. उन्हातसुद्धा गळ्यात मफलर, खोकला पाळलेला, वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचणारा माणूस. सहज त्यांनी जुना खंड मागितला. अंकबाईनं काचेतून पाहिलं, काका खंड चाळता चाळता मधेच थांबले. जागा तिनं लांबूनही ओळखली. आता हा माणूस येऊन म्हणणार, अहो, ही काय फसवणूक?

काका आले नाहीत. त्यांनी एक बोट कागदावर टेकवलं आणि ते ओळीवरून सरकावं तसं डावीकडून उजवीकडे सरकत गेलं. मग खालच्या ओळीवर. मग पान उलटलं. वाचणाऱ्याचे ओठ जसे हलतात तसे त्यांचे हलत होते. दुपार उतरेपर्यंत ते कोरी पानं वाचत होते.

खंड परत द्यायला आले तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाले, “खिडकी तरी उघडी ठेवायची तिनं. कोंडल्या खोलीत जीव घाबरा होतो म्हाताऱ्या माणसाचा.”

“कुणी, काका?”

“गोष्टीतल्या त्या मुलीनं.” ते खोकले. “शेवटचं पान छापायचं राहिलंय बघा. कोरंच आहे.”

ते गेल्यावर तिनं खंड उघडला. शेवटचंच काय, सगळीच पानं कोरी होती. तिनं ती उजेडाला धरून पाहिली, बोटानं चाचपून पाहिली. म्हातारपण, ती मनाशी म्हणाली. घरी एक आहे, इथं दुसरा.

संध्याकाळी कुलूप काढून ती आत गेली तर खोलीत वारा खेळत होता. खिडकी सताड उघडी होती. वरची कडी काढलेली. बाबा स्टुलावर चढले असणार, आणि पडले असते तर? तिनं खिडकी लावली आणि स्टूल बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवलं.

पुढं तो खंड परीक्षेच्या अभ्यासाला येणाऱ्या मुलीनं घेतला. केसांत पेन्सिल खोचून बसायची ती, आणि विसरून दुसरी शोधत राहायची. तीही त्या जागी थांबली. अंकबाई काचेआडून बघत राहिली. मुलगी वाचत होती, मधेच ओढणीनं डोळे टिपत होती, पुन्हा वाचत होती. जागेवरून ती एकदाही उठली नाही.

“मॅडम,” खंड टेबलावर ठेवत ती म्हणाली, नजर खाली. “गोष्टीतली ती बाई वाईट नाहीये हो. मला कळतं. पण पाण्याचा जग खाली ठेवायला हवा होता तिनं.”

अंकबाईच्या हातातला शिक्का शाईच्या गादीवर तसाच टेकून राहिला.

“कुठली गोष्ट गं?”

“तीच. कुलपाची.”

त्या संध्याकाळी जग बाबांच्या खाटेशेजारी, फरशीवर होता. अर्धा रिकामा. पेला धुऊन पालथा घातलेला. गादी ओली होती, आणि बाबांच्या ओठांवरच्या कोरड्या भेगा ओलसर होत्या.

“कुणी दिलं पाणी, बाबा?”

“मुलगी होती ना. केसात पेन्सिल होती.” ते खुशीत होते. “चांगली वाचते. मधेच रडते तेवढं सोडलं तर.”

“काय वाचते?”

“अंक. आला ना अंक.” मग चेहरा पडला. “पण शेवट राहिलाय म्हणे. शेवटचं पान यायचंय.”

अंकबाई डोकं शाबूत असलेली बाई होती. तिनं नवं कुलूप आणलं, दोन्ही किल्ल्या स्वतःच्या पर्समध्ये टाकल्या. दोन दिवसांनी शेजारच्या वहिनी जिन्यात भेटल्या. “तुमच्या मावशी बदलल्या का हो? दुपारी मोठ्यानं वाचतं कुणीतरी. बरा आवाज आहे पोरीचा. आणि ते खोकणारे कोण? मफलर गुंडाळून बोलल्यासारखं बोलतात.” वहिनींनी हे हसत विचारलं. मग त्यांची नजर तिच्या हातातल्या किल्लीवर आणि दारावरच्या कुलपावर गेली, आणि त्या हसायच्या थांबल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं तो खंड उचलून देवघेवीच्या काउंटरवरच्या मैत्रिणीसमोर ठेवला. दोघी एकाच वर्षी लागलेल्या, डबा एकत्र खाणाऱ्या.

“हे काय आहे, वाचून दाखव.”

“डोळे गेले वाटतं तुझे? चष्मा लाव,” मैत्रीण म्हणाली आणि तिनं पान उघडलं. पहिल्या ओळी वाचताना तिच्या तोंडावर चेष्टा होती. ती हळूहळू उतरली. गालांवर लाली चढली, दुसऱ्याच्या घरात नको ते दिसल्यावर चढते तशी. तिनं खंड मिटला.

“मला नको लावूस वाचायला.”

“अगं पण लिहिलंय काय? मला कोरं दिसतंय.”

“मावशी असतात म्हणाली होतीस,” मैत्रीण अगदी हळू म्हणाली.

डबा त्या दिवशी दोघींनी वेगवेगळा खाल्ला. भांडण नव्हतं. एकमेकींसमोर घास उतरत नव्हता, एवढंच.

मग ती जिन्याखाली मामाकडे गेली. “ती पानं कापून टाका. मुळापासून.”

“सरकारी शिवण आहे बाई, उसवतोय म्हणजे डाग लागणार. पण तुम्ही म्हणाल तसं.” मामानं पातं परजलं, खंड शिकंज्यात धरला, पानं उघडली. आणि पातं तसंच राहिलं. मामा वाचत होता. थट्टेशिवाय मामा कसा दिसतो ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यानं पातं तिच्याकडे मूठ करून पुढं धरलं.

“तुम्ही कापा. मी नाही कापणार. यात माणूस आहे.”

तिनं पातं घेतलं. समोर नुसता पांढरा कागद होता. कागदावर पातं टेकवलं तेव्हा तिला बाबांचा गळा आठवला, पाणी पिताना वरखाली होणारा. ती पातं ठेवून परत आली.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तुमच्या हुद्द्याच्या माणसांना ती लवकर कळत नाही. लाज वाटणं आणि लाज झाकणं यांत अंतर आहे. आतापर्यंत ती झाकत होती. त्या दुपारी तिनं हिशेब वेगळा मांडला. तो खंड कपाटात कोंडला तर कुणी वाचणार नाही, कुणाला काही कळणार नाही, आणि बाबा दिवसभर तहानलेले एकटे राहतील. तो बाहेर ठेवला तर येणारा जाणारा तिला ओळखणार, आणि बाबांना पाणी मिळणार.

तिनं खंड वाचनकक्षाच्या मधल्या टेबलावर नेऊन ठेवला, बरोबर त्या जागी उघडून. वर काचेचा पेपरवेट.

लोक वाचू लागले. मधल्या टेबलाभोवती खुर्च्या ओढल्या जाऊ लागल्या. जो तो वाचून उठायचा आणि तिच्या काचेवरून जाताना पायाकडे बघत जायचा. कोपऱ्यावरचा न्हावी रिकाम्या वेळात सिनेमाची साप्ताहिकं चाळायला यायचा, त्यानंही ते वाचलं. जाताना दारात थांबून तो हवेत म्हणाला, “गोष्टीतल्या आजोबांची दाढी किती वाढलीये. घरात कुणाला दिसत नाही होय?” संध्याकाळी बाबांचे गाल गुळगुळीत होते, कानामागे साबणाचा एक पांढरा ठिपका वाळून राहिला होता. तिनं तो पदरानं पुसला आणि तिथंच खाटेच्या कडेवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी न्हावी समोर आला तेव्हा आभार मानावेत असं तिला वाटलं. पण काय म्हणून मानणार? बाबांना मी कोंडते, तुम्ही त्यांची दाढी केलीत? तिनं टपाल फोडायला घेतलं.

एवढं खरं की बाबा सुधारले. अंगावर धुतलेला सदरा असायचा. उशी पाठीशी उभी केलेली असायची. एकदा तर त्यांनी तिला नावानं हाक मारली. “आज पुष्कळ माणसं होती,” ते सांगायचे. “तू कामात असतेस, म्हणून येतात बिचारी.”

“आणि शेवट, बाबा?”

“शेवट साहेब आल्यावर.”

“कोण साहेब?”

“ते म्हणतात तसं. साहेब आले की येईल शेवटचं पान.”

तपासणीला तुम्ही आलात. हुकमावर ज्यांची सही होती तेच आले, दुसऱ्या कुणाला पाठवलं नाहीत. जेवणाच्या सुट्टीनंतरची वेळ, बाहेर लख्ख ऊन. मुख्य ग्रंथपाल तुमच्या मागं मागं, हातात फुलं घेतल्यासारखे नुसतेच हात जोडून. तुम्ही घोड्यांवरून नजर फिरवलीत, कार्डं पाहिलीत, ‘पूर्ण’ वाचून मान हलवलीत. बाहेर पडताना मधल्या टेबलाशी तुमचे पाय थांबले. परीक्षेवाली मुलगी तिथं वाचत होती, तिला तुम्ही हातानंच बाजूला व्हायला सांगितलंत.

उभ्या उभ्या वाचायला लागलात. मग खुर्ची ओढलीत.

कक्षात पंखे फिरत होते. कुणी पान उलटत नव्हतं. मफलरवाले काका खोकला दाबून बसले होते. मैत्रीण काउंटर सोडून दारात आली होती.

तुम्ही वाचत गेलात. अंकबाई काचेआड उभी होती. बाकीचे वाचताना अवघडायचे, थांबायचे, कुणी डोळे पुसायचं. तुमच्या तोंडावरची रेघ हलली नाही.

शेवटचं पान आलं. ते सगळ्यांना कोरं दिसायचं. तुम्ही तेही वाचलंत. तुमची नजर ओळींवरून गेली, वरपासून खालपर्यंत. मुलीनं ते जवळून पाहिलं.

मग तुम्ही मान वर केलीत आणि काचेतून थेट अंकबाईच्या डोळ्यांत पाहिलंत. इतक्या दिवसांत तिच्याकडे सरळ पाहिलेले तुम्ही पहिलेच.

“हा खंड मी नेतो,” तुम्ही म्हणालात.

ती बाहेर आली. “साहेब, तो वाचकांसाठी ठेवलाय.”

“काही बाबी पडताळायच्या आहेत.”

“साहेब, तो नका नेऊ.”

“का?”

सगळे ऐकत होते. सगळ्यांना माहीत होतं. तिनं नुसतं तोंड उघडायचं होतं. माझे बाबा आहेत त्यात, एवढंच म्हणायचं होतं. काका तिच्याकडे बघत होते. मुलगी बघत होती. मामा जिन्यातून वर आला होता. त्या दिवशी कुणाचीच मान खाली नव्हती.

तिची होती.

“काही नाही, साहेब,” ती म्हणाली.

तुम्ही खंड बॅगेत टाकलात आणि चेन ओढलीत. गाडीत बसलात.

“जा, पोरी, घरी जा,” काका म्हणाले. ते कितीतरी वेळ म्हणत होते. ती कार्डं नीट लावत होती. सुटायला अवकाश होता. आत्ता निघाली तर सगळ्यांदेखत कबूल केल्यासारखं झालं असतं. ती सुटेपर्यंत बसली.

दारावर कुलूप होतं तसंच होतं. किल्ली तिच्याजवळ.

खिडकी उघडी, गजांना हात न लागलेला. फरशीवर जग, काठोकाठ भरलेला. गादी कोरडी. उशी पाठीशी उभी आणि तिच्यात पाठीचा खळगा.

बाबा नव्हते.

काठी होती. चपला होत्या, एकीला एक लागून. अंगावर घ्यायची शाल घडी घातलेली. त्यांचा तो मऊ झालेला अंक खाटेवर मिटून ठेवलेला, काम संपल्यावर ठेवतात तसा.

चष्मा तेवढा नव्हता.

पोलिसांनी विचारलं, दार कसं होतं? ती म्हणाली, उघडं राहिलं चुकून. कुलूप होतं असं तिला म्हणवलं नाही. मग त्यांनी बसथांबे शोधले, दवाखाने शोधले, नाले शोधले, उघड्या दारातून गेलेला माणूस जिथं जिथं जाऊ शकतो ते सगळं. भाऊ आला, रडला, गेला. ग्रंथालयाला तुमच्या कार्यालयाकडून शेरा मिळाला: ‘सर्व संच पूर्ण’. तो चौकटीत घालून दारावर लावलाय. तिच्या रजेचा अर्जही मंजूर होऊन आला.

अंकबाई अजून कामावर येते. टपाल फोडते, शिक्का मारते. मधल्या टेबलाशी खुर्च्या अजून तशाच गोल आहेत. काका तिथं हात टेबलावर ठेवून नुसते बसतात. तुमच्या कार्यालयात तिनं एकही स्मरणपत्र पाठवलेलं नाही, जिचं सगळं आयुष्य स्मरणपत्रं पाठवण्यात गेलं तिनं. ती विचारणार नाही. तिची मान वर होत नाही. म्हणून इथं, छापून, सगळ्यांदेखत विचारावं लागतंय.

तुमच्याकडचा शिपाई वह्या बांधून घ्यायला मामाकडे येतो. तो बोलतो. त्याचं नाव सांगणार नाही, शोधत बसा. तो सांगतो की तो खंड पडताळणीला गेलाच नाही. तो तुमच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात आहे, एकट्यासाठी एक कप्पा रिकामा करून. किल्ली तुम्ही कुणाला देत नाही. आणि रोज निघताना, खोलीत कुणी नाही असं बघून, तुम्ही कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात पाण्याचा भरलेला पेला ठेवता, मग कुलूप लावता, ओढून बघता.

सकाळी तो पेला शिपाई धुतो. तो रिकामा असतो.

शेवटच्या पानावर काय होतं ते तुम्ही वाचलंय. ते नसेल सांगायचं तर नका सांगू. पण पाणी कुणासाठी ठेवता, आणि कुलूप कशाला लावता, याचं उत्तर द्या. तिला द्या.